बारा महिन्यांचे झिंगे

१

सोमवारी सकाळी साडेनऊला मी नमुन्यांचं कपाट उघडलं. चोवीस पाकिटांतली बारा गायब! तीही एका फळीवरची न्हाई, इथलं एक, तिथलं एक, पडलेल्या दातांसारखी. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मी स्वतःच तर चावी लावून उघडलं होतं.

"यशू! अगं इकडं ये जल्दी!" मी ओरडलो.

आता आधी माझं सांगतो. मी कडूबा. बदनापूरच्या अलीकडं जालना रोडला आमचं खाद्यप्रक्रिया केंद्र आहे, तिथं एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस आहे आणि चव घेणाऱ्या पाच जणांचा म्होरक्या. नाव कडूबा आणि काम चाखायचं, यावरून सगळ्यांनी माझी फिरकी घेऊन झाली आहे, तुम्हीही घ्या आणि मोकळे व्हा. पण चाखल्याशिवाय मी कागदावर सही केली न्हाई. एकदाही न्हाई.

यशश्री पळत आली. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणतो, एरवी यशू. अकरा वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून आल्ती, तेव्हापासून मी तिचा मामा. कपाटाजवळ आली की ओढणी नाकाला लागायचीच, आजही लागली. पोरीनं डॉक्टरेट केली माशांवर, पण घर पक्कं शाकाहारी. झिंगा कधी जिभेला लावला न्हाई. "मामा, तुमची जीभ हेच माझं यंत्र," म्हणायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"कोणती गेली?" तिनं विचारलं. मी नंबर वाचले. ती मटकन स्टुलावर बसली. "मामा, सगळी जांभळाचीच गेली हो."

पाकिटांत होते सुके झिंगे. गोदावरीचे, अंकुशनगरच्या पुढच्या गावातले. माझी चुलत बहीण पुष्पाबाई आणि तिच्या गटातल्या बावीस बायका ते वाळवतात. नुसते वाळवले की दोन महिन्यांत तेलकट, खवट वास मारतात, म्हणून पडेल त्या भावात भागवत नावाच्या ठेकेदाराला द्यावे लागतात. यशूनं झिंगे जांभळाच्या रसात बुडवून वाळवले. बारा महिने टिकतात असं दिसलं, तर गावात बायकांचं स्वतःचं युनिट होणार होतं. त्या भरवशावर पुष्पाबाईनं यंदा भागवतला तोंडावर न्हाई म्हणून सांगितल्तं. मंगळवारी अकराला युनिटला मंजुरी देणारी समिती येणार, आणि शुक्रवारीच पत्र आल्तं की समिती पाकिटं आपल्या हातानं उघडून समोर चाखून घेणार.

"चोराला आकडे माहीत होते," मी म्हणालो. पाकिटं सगळी चंदेरी, वर नुसते तीन आकडे. कशात जांभूळ आणि कशात सादं, हे चाखणाऱ्यालाही कळू देत न्हाईत. रंगावरून ओळखू नये म्हणून आम्हाला लाल दिव्याखाली बसवतात. मग बाहेरच्याला काय कळणार?

तेवढ्यात शौनक आत आला. यशूच्या हाताखाली संशोधन करतो, रोज रेल्वेनं जाऊन येऊन करतो, आणि माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी निम्मी त्याच्याच पोटात जाते. "मामा, बोरांच्या गराचे डबे फ्रीजरमधून काढून सिंकमध्ये कुणी टाकले? पार पाणी झालं! महिन्याची मेहनत गेली माझी."

"अरे, इथं काय होऊन राह्यलं आणि तुला बोरं सुचून राह्यली!" मी त्याच्यावर खेकसलो.

मागं दारात संचालक जगन्नाथ सर उभे होते. त्यांनी कपाटाकडं पाह्यलं, मग माझ्या हातातल्या चावीकडं. "कडूबा, जरा माझ्या खोलीत या," ते म्हणाले.

२

"या कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन, सर. एक माझ्याकडं, एक मॅडमकडं."

"मॅडमची चावी घरी होती. शनिवार-रविवार त्या आल्याच नाहीत म्हणतात. तुम्ही?"

"शनिवारी दुपारी कुलूप लावून गेल्तो. रविवारी बहिणीच्या गावाला."

"आणि परत कसे आलात?"

मी चपापलो. "टेम्पोत बसून."

"कुणाच्या?"

"भागवतच्या," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं, गाडी कुठं चालली ते. बायकांचं युनिट होऊ नये असं वाटणारा एकच माणूस, आणि मी त्याच्याच टेम्पोत बसून आलेलो. अहो, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, एसटी आली न्हाई, हा बदनापूरला निघाला होता, म्हणाला बसा. त्यात काय एवढं?

"मी काही आरोप करत नाही," सर म्हणाले. आरोप करणारे सगळे हेच म्हणतात. "पण उद्या अकरापर्यंत पाकिटं मिळाली नाहीत तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत, कडूबा."

"टेम्पोचं तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"ते तुम्ही विचारू नका."

रागानं माझं डोकं भणाणलं. एकतीस वर्षं! वाटलं, भागवतनंच सांगितलं असणार. स्वतः पाकिटं पळवली आणि मला अडकवलं. मी तसाच चपला घालून निघालो.

३

भागवतचं माशांचं दुकान बदनापूर स्टेशनच्या बाहेर आहे. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो बर्फावर पोतं टाकत होता.

"सरांना टेम्पोचं तू सांगितलंस?" मी थेटच विचारलं.

"कोन सर? मी तुमच्या सरांला वळखत बी न्हाई." त्यानं हात पुसले. "बसा मामा, चहा सांगतो. काय झालं?"

"चहा राहू दे. पाकिटं कुठं आहेत?"

त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. मला असा राग आला की बर्फावरची सुरीच उचलावी. "मामा, मला ती पाकिटं कशाला? जांभळाचं पाणी मी बी लावून पाह्यलं मागल्या साली. पुष्पाबाईच्या गावात कुनाला म्हाईत न्हाई ते? बायकाच सांगत होत्या ना सगळ्यांला."

"मग?"

"मंग काय? उन्हाळ्यापर्यंत एक नंबर राह्यलं. मिरगाला पोतं उघडलं तर खवट. फेकून दिलं. तुमचं युनिट झालं काय आन न झालं काय, पुढल्या पावसाळ्यात बाया माझ्याकडंच येनार. मी कशाला चोरी करू?"

"खोटं बोलू नको! आमच्या फाईलमध्ये बारा महिने चांगलं टिकलेलं आहे."

"तुम्ही चाखलं का बारा महिने?"

मी चाखलं होतं सहा महिने, मागच्या नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. मेच्या सुरुवातीला यशू म्हणाली होती, "मामा, नियम आहे, पुढची चव दुसऱ्या पॅनेलनं घ्यायची. पुण्याला आठ जणांचं पॅनेल ठरलंय." मी बरं म्हटलं.

परत येताना रिक्षात एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. टेम्पोत बसल्याचं भागवतनं सांगितलं न्हाई, तर कुणी सांगितलं? रविवारी संध्याकाळी मी ते एकाच माणसाला बोललो होतो, फोनवर, हसत हसत. ते नाव मनात आलं आणि मी ते मागं ढकललं. छे, काहीतरीच!

४

शौनक समितीची फाईल छापत बसला होता. मी दार लावून घेतलं.

"कोणत्या पाकिटात काय, ते कुणाकुणाला माहीत होतं?"

"मॅडमना. आणि सरांच्या तिजोरीत आकड्यांच्या यादीचं बंद पाकीट आहे, त्याचं लाखेचं सील तसंच आहे, सकाळीच पाहिली आम्ही."

"आणि तुला?"

त्याची मान खाली गेली. "मामा, तुम्ही ओरडाल. जूनमध्ये मी एक पाकीट उघडलं होतं, मला लेख लिहायचा होता म्हणून. रंगावरून कळलं जांभळाचं आहे ते. वास बरा नव्हता. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, पाकिटाला भोक पडलं असेल. मी विषय सोडला. पण मला एका पाकिटाचा आकडा माहीत, बाराचे नाहीत."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणारा स्वतःच्या चुकीनं सुरुवात करत न्हाई. "फाईल दे इकडं," मी म्हणालो.

पहिल्या सहा महिन्यांचे कागद आमच्या पाच जणांचे. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं: 'वास दणकट, झिंग्याचा. खवट न्हाई. आठ.' दुसऱ्या महिन्यात वास थोडा उतरला होता, तर मी सातच दिले होते. पुढं पुण्याच्या आठ जणांचे कागद, टाईप केलेले, नावं न्हाईत, नुसते पॅनेलचे क्रमांक. मेपासून ऑक्टोबरपर्यंत गुण आठ आणि नऊ. मी शेरे वाचायला लागलो.

'माशाचा वास अजिबात नाही. उत्तम. नऊ.'

'वास जवळपास गेलेला. फार छान. नऊ.'

'उग्रपणा नाही. साडेआठ.'

मी दोनदा वाचले. मग शौनकला विचारलं, "तुला सुक्या झिंग्याला वास आलाच न्हाई तर किती गुण देशील?"

"वास नसेल तर ते सुकट कसलं मामा? भुसा खाल्ल्यासारखं लागेल. तीन, फार तर चार." बोलता बोलता तो थांबला.

"आता हे आठ जण बघ."

सुकट खाणारा माणूस त्या वासासाठीच सुकट खातो. तव्यावर टाकलं की शेजारची बाई विचारत आली पाहिजे. एखाद्यानं वेगळं लिहिलं असतं तर मी समजू शकलो असतो, पण आठातल्या आठांनी, सहाच्या सहा महिने, वास नसण्यालाच नऊ गुण दिले होते. असे आठ जण पुण्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचे न्हाईत. ते आठ नव्हतेच. तो एकच माणूस होता, ज्याला माशाचा वास म्हणजे खोट वाटत होती.

भागवत माशांतच जन्मलेला. सर दर रविवारी मासळी बाजारात पिशवी घेऊन उभे. शौनकचं सांगितलंच. नाकाला ओढणी लावणारं एकच माणूस केंद्रात होतं.

"मामा, तुम्ही असे काय बसलात?" शौनक म्हणाला. "पाणी देऊ?"

५

पाकिटं कुठं असतील, ते शोधायला मला पाच मिनिटं लागली. सकाळी ज्याच्यावर मी खेकसलो होतो, त्याच पोरानं ते सांगून ठेवलं होतं. बोरांचा गर उगाच कुणी सिंकमध्ये टाकत न्हाई. फ्रीजरमध्ये जागा लागली म्हणून काढला. दुसरा चोर असता तर पाकिटं कचऱ्यात टाकली असती, जाळली असती. पण यशूला नमुना फेकवत न्हाई. पहिल्या वर्षी मीच तिला शिकवलं होतं, खराब झालेला नमुनासुद्धा जपून ठेवायचा.

तळाशी, बोरांच्या बाकीच्या डब्यांखाली, बाराच्या बारा होती. एक उघडलं. जांभळट झिंगे आणि जुन्या तेलाचा भपका. गार असूनही नाकात गेला.

संध्याकाळचे सहा वाजले होते. ती निघायच्या तयारीत होती. मी उघडलेलं पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं ओढणी नाकाला लावली न्हाई, नुसती बघत राह्यली.

"पुण्याचं पॅनेल कुठं बसतं, यशू?"

तिनं खांद्यावरची पर्स काढून खुर्चीत ठेवली. मग एकदम सगळं बाहेर आलं. मेमध्ये पाकीट फोडलं तेव्हा यंत्रावर खवटपणाचा आकडा वाढलेला दिसला. प्रस्तावात बारा महिने लिहून बसली होती. प्रकल्प बुडाला असता, तिची नोकरी कायम होणार होती ती राह्यली असती. वाटलं, पुढच्या हंगामात रस घट्ट करू, जमेल, तोवर कागद तर पुरे करू. मग शुक्रवारी समितीचं पत्र आलं, आणि रविवारी ती आपली चावी घेऊन इथं आली.

"चोरी झाली म्हटल्यावर समिती फाईलवरच निर्णय घेणार होती," ती म्हणाली. "कुणाचंच नुकसान नव्हतं, मामा."

"सरांना टेम्पोचं तू सांगितलंस."

"त्यांनी चाव्यांचं विचारलं. मी घाबरले. मला वाटलं, तुमच्यावर कुणाचा विश्वासच बसणार नाही... म्हणजे तुम्ही चोरी कराल यावर. दोन दिवसांत मिटलं असतं."

"आणि न्हाई मिटलं असतं तर?"

ती टेबलावरचे कागद सारखे करत राह्यली. माझ्या पोरीच्या लग्नात ही करवली म्हणून मिरवली होती. माझ्या आईला दवाखान्यात हिनं नेलं होतं. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणत न्हाई, पण वेळ आल्यावर तिनं माझं नाव पुढं केलं, इतक्या सहज, जसा पेन पुढं करावा.

"उद्या तू सांग," मी म्हणालो. "न्हाई सांगितलंस तर मी सांगतो."

"मामा, मी आयुष्यातून उठेन. तुमच्या बहिणीचं युनिटही जाईल. एवढं कळतंय ना तुम्हाला?"

ते मला कळत होतं. पण पुढल्या जूनमध्ये पुष्पाबाईच्या नावाचं पाकीट कुणीतरी घरी नेऊन फोडणार, नाक मुरडणार आणि नाव ठेवणार ते तिला, हेही कळत होतं. मी पाकिटं सरांच्या खोलीत नेऊन ठेवली आणि घरी गेलो. जेवण गेलं न्हाई.

६

मंगळवारी समितीतले चार जण आले. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, समोर पाण्याची बाटली आणि चष्म्याची दोन घरं. पुष्पाबाई गटातल्या तिघींना घेऊन पहाटेच्या गाडीनं आली होती. नव्या लुगड्यातच आली होती. माझ्याकडं बघून हसली.

टेबलावर पाकिटं मांडलेली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चव कोण घेणार?"

यशूनं मान वर केली न्हाई. मी दोन मिनिटं वाट पाह्यली. अजून वाट पाह्यली असती, पण अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं. मी पुढं झालो, एक झिंगा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि कागदावर लिहिलं: 'खवट. दोन.' सही केली. त्याखाली लिहिलं की मेपासूनचे शेरे कुणीही चाखून लिहिलेले न्हाईत.

मग यशू बोलली. उभी राहून, सगळं, काहीही न लपवता. पाकिटं मीच काढली, मामांचा काही संबंध नाही, हेही. जगन्नाथ सर खिडकीबाहेर बघत होते.

पुष्पाबाईला निम्मंच कळलं असावं. तिनं हात वर केला. "बाई, एक विचारू का? मंग ते चांगलं राहतं तरी किती?"

"सहा महिने," यशू म्हणाली. "एप्रिलपर्यंत उत्तम होतं. ते खरं आहे."

पुष्पाबाईनं शेजारणीकडं पाह्यलं. दोघी काहीतरी कुजबुजल्या. "अवो, मंग काय पाह्यजे आजून? आमी दिवाळीला वाळवतो, होळीच्या आत इकून मोकळं होतो. चार महिन्यांच्या वर सुकट ठिवतं कोन? सहा म्हंजी लई झालं की! बारा कुनी मागितले होते?"

यशूचा चेहरा मला बघवेना. तिला खरंच माहीत नव्हतं. मोठ्या दुकानांत बारा महिन्यांचा माल लागतो म्हणून तिनं प्रस्तावात बारा लिहिले होते. आणि मी? मला सगळं माहीत होतं, होळीचंही. पण मी चाखायचो, सही करायचो आणि घरी जायचो.

"आमाला इचारायचं तरी होतं," पुष्पाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

अध्यक्षबाईंनी फाईल मिटली. "निम्मी फाईल बनावट निघाली, तर उरलेली निम्मी मी खरी कशी मानू? सहा महिन्यांचेही सगळे प्रयोग पुन्हा करावे लागतील. पुढच्या वर्षी या." त्यांचं म्हणणं बराबर होतं.

पुष्पाबाईनं पिशवी उचलली. यंदाचे झिंगे अंगणात वाळत पडले होते. तिनं मला दाराशी थांबवून भागवतचा फोन नंबर मागितला. मी दिला. तिनं तो शेजारणीच्या मोबाईलमध्ये घालून घेतला आणि त्या चौघी बस धरायला गेल्या.

मी परत आत आलो. यशू त्या टेबलाशी एकटीच होती. "मामा," ती म्हणाली.

"मला मामा म्हणू नको."

एवढ्या वर्षांत मी कुणाशी असं बोललो नव्हतो. बोललो आणि माठाकडं गेलो, कारण तो खवटपणा अजून जिभेवर होता. तांब्याभर पाणी प्यालो, चूळ भरली, पुन्हा प्यालो. आत ती रडत होती ते ऐकू येत होतं. मी आत गेलो न्हाई.